पाय न टेकवता बद्रियाच्या दारापर्यंत

रस्त्यावरून कुणी मोटरसायकल भरधाव पळवत गेला, की शूई झैलई पचकन थुंकायचा आणि म्हणायचा, "ह्याला गाडी चालवता येत नाही, म्हणून पळवतोय."

असा हा माणूस. मी त्याचा मित्र म्हणा, दुश्मन म्हणा, दोन्ही खरं आहे. माझं नाव फैरूझ. आमच्या बैत अल फकीह गावातला लग्नाचा ढोल माझा. या गावात ज्याचं लग्न माझ्या ढोलाशिवाय झालं, त्याचं लग्न झालं असं मी मानत नाही. त्याला चार पोरं असली तरी नाही.

आमच्याकडे नवरदेव मशिदीपासून नवरीच्या दारापर्यंत बसून येतो आणि वाटेत त्याचा पाय जमिनीला लागता कामा नये. लागला, की वरात मागं फिरते, पुन्हा मशिदीपासून सुरुवात, आणि लोक नवरदेवाला जे नाव ठेवतात ते त्याच्या नातवंडांपर्यंत पुरतं. आजोबांच्या काळी उंट होते. उंटावर बसलेल्यानं पाय टेकवायचा म्हटलं तरी टेकत नाही. मग गावात मोटरसायकली आल्या, लोकांना उंटाची लाज वाटायला लागली, आणि रीत मात्र जशीच्या तशी राहिली. उंटाला चार पाय असतात आणि मोटरसायकलला दोन चाकं, हे कुणाच्या डोक्यातच शिरलं नाही. वर आणि पुढं मी! माझ्या ढोलावर नाचणारे दोन पावलं पुढं जातात आणि एक मागं येतात. गाडीला मागं येता येत नाही आणि थांबून राहताही येत नाही. तिनं माझ्या पाठीमागं मुंगीच्या चालीनं यायचं, आचके न देता, न डुलता, बंद न पडता.

अशी गाडी एकट्या शूई उस्ताला, म्हणजे शूई मिस्त्रीला, सुरात लावता यायची. शुक्रवारच्या बाजाराच्या कडेला त्याची झावळ्यांची शेड होती. आत एक सुंभाची बाज, चार पाने-पकडी आणि एक कोंबडी. शूई म्हणजे नुसती हाडं आणि लुंगी. बसला की गुडघे कानापर्यंत यायचे. गाडी आणली की आधी ती स्वतः गावाबाहेर फिरवून तापवून आणायचा. थंड इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावणाऱ्याला तो माणसात धरत नसे. मग कार्बोरेटर उघडून स्लो जेटचं ते सुईच्या टोकाएवढं भोक केरसुणीच्या हिराने साफ करायचा. "तार घालू नकोस," तो ओरडायचा, "भोक मोठं होतं आणि गाडी खादाड होते." चेन ना ताणलेली ना लोंबणारी. हँडलच्या आतल्या गोळ्या इतक्या मोकळ्या, की फुंकर मारली तर हँडल वळावं. मागं मोठं दातेचक्र. आणि मग शेवटी ती जादू: एक स्क्रू हवेचा, एक स्लोचा. हवेचा पाव फेरा बाहेर, कान लावायचा. स्लोचा थोडा खाली, कान लावायचा. पुन्हा हवेचा. असं तासभर. आम्ही बाजेवर बसून गालात चघळायच्या पाल्याचा गोळा धरून बघत राहायचो आणि आम्हाला काहीएक फरक कळायचा नाही.

त्याचं झालं की तो कोंबडीला उचलायचा आणि चालू गाडीच्या सीटवर ठेवायचा. कोंबडी उडून गेली तर गाडी नापास. कोंबडी बसली तरी नापासच. तिनं डोळे मिटून मान खाली टाकली, म्हणजे पास. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. चालू इंजिनावर ती बया झोपायची आणि शूई तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प करायचा, जणू घरात बाळ निजलंय!

"अरे उस्ता," मी एकदा वैतागून म्हणालो, "लग्न नवरदेवाचं आहे का कोंबडीचं?"

"तुझ्या ढोलानं माणसं बहिरी होतात," तो म्हणाला, "म्हणून मला कोंबडीला विचारावं लागतं."

बघा, हे असं. मी मुद्दाम ठेका संथ करायचो, त्याची गाडी बंद पडते का बघायला. कधी पडली नाही. गावातले अर्धे नवरे त्याच्या गाडीवर बसून दारापर्यंत पोचले, आणि हा स्वतः मात्र तसाच. केस पांढरे झाले, मिश्या पांढऱ्या झाल्या. विचारलं तर म्हणायचा, "माझी गाडी अजून तापतेय."

तापत होती, हे मला ठाऊक होतं. शेडला लागूनच मोगऱ्याचे गजरे विकायला बद्रिया बसायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. जीभ अशी, की मासळीबाजारातल्या बायका तिच्याशी घासाघीस करायच्या नाहीत. लग्नाच्या गाडीवर घालायच्या माळा तीच ओवायची. म्हणजे एकाच गाडीवर शूईचे हात आणि तिचे हात, वर्षानुवर्षं, आणि रोजचं भांडण.

"तुझ्या फुलांच्या ओझ्यानं गाडी दबते."

"तुझ्या तेलाच्या वासानं माझी फुलं मरतात."

"मग लांब बस."

"आधी मी आलेय इथं. तू लांब जा."

दोघांपैकी कुणीही एक वीतभरही सरकलं नाही. सगळ्या बाजाराला कळत होतं, त्या दोघांना सोडून.

मग एका शुक्रवारी, भर दुपारी, शूई हातातला पाना खाली ठेवून तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते लुंगीला पुसले, मग पुन्हा पुसले.

"बद्रिया, माझीही एक गाडी सजवशील?"

"नवरदेव कोण?"

"मी."

"आणि नवरी?"

"जी सजवेल ती."

बद्रियानं फुलांवरचं ओलं फडकं उचललं आणि फाडकन त्याच्या तोंडावर मारलं. म्हणाली, "एवढं एक वाक्य काढायला इतकी वर्षं लागली? अरे, माणूस आहेस का तुझी गाडी?" आणि हसायला लागली. तिचं हसू थांबेना, त्याचे हात पुसणं थांबेना, आणि मी, खोटं कशाला सांगू, ढोल काढला आणि भर बाजारात वाजवायला बसलो.

सगळं झकास झालं असतं. पण बद्रियाला भाऊ होता, दैफुल्ला. बायको माहेरी निघून गेलेली, बहिणीच्या हातची खमिराची रोटी आणि भट्टीतला मासा खाऊन पोट सुटलेला. बहीण गेली तर रांधणार कोण? हे तोंडानं कसं बोलणार! म्हणून चार वडीलधाऱ्यांच्या बैठकीत तो मान वर करून म्हणाला, "उस्ता गावभर मिरवतो, की माझी गाडी पाय टेकवू देत नाही. मग त्यानं टेकवला, तर लग्न मोडलं. मशिदीपासून दुसरी फेरी नाही. कायमचं मोडलं."

आता शहाण्या माणसानं काय म्हटलं असतं? "रीत सगळ्यांना आहे ती मला," एवढंच. पण शूईला गाडीवरून डिवचलं होतं. तो ताडकन म्हणाला, "कबूल!"

मी कपाळावर हात मारून घेतला. बद्रियाला कळलं तेव्हा तिनं आधी भावाला झोडपलं, मग शेडमध्ये येऊन ह्याला. "त्यानं अट घातली, तू शब्द दिलास. मला कुणी विचारलं? मी काय सीटवरची कोंबडी आहे?"

"पाय नाही टेकणार," शूई एवढंच म्हणाला. तोंड उतरलं होतं त्याचं. नंतर मला हळूच म्हणाला, "फैरूझ, टेकला तर मी या शेडमध्ये परत कसा बसू? ती शेजारी बसणार रोज." तेव्हा मला पहिल्यांदा त्याची भीती दिसली.

त्यानंतर त्यानं स्वतःच्या जुन्या निळ्या गाडीवर जे काही केलं, ते कुठल्याही सुलतानाच्या गाडीवर कुणी केलं नसेल. टॅपेट बघितले, क्लचची तार बदलली, कार्बोरेटरच्या रबराला साबणाचा फेस लावून हवा चोरते का ते बघितलं. वरात दुपार कलल्यावर, असरच्या नमाजानंतर निघते, आणि आमच्याकडची तेव्हाची उष्णता म्हणजे भट्टीच. एवढ्या संथ चालीत इंजिन गुदमरेल म्हणून त्यानं सीटखालच्या एअर फिल्टरचं झाकणच काढून टाकलं. "मोकळा श्वास घेऊ दे तिला," म्हणाला. गाडी अशी लागली, की ती चालू आहे का बंद, हे हात लावून बघावं लागायचं.

आणि तिकडं बद्रिया. ती दुसऱ्यांच्या गाड्यांना दोन माळा घालायची. स्वतःच्या लग्नाच्या गाडीला तिनं किती घातल्या असतील? मी मोजल्या नाहीत, पण त्या दिवशी गावात दुसऱ्या कुणाला मोगऱ्याचं एक फूल मिळालं नाही. वरातीआधी नवरीच्या घरच्या बायका येऊन माळा घालतात, आणि घातलेली माळ नवरीनंच काढायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. बायकांनी हँडलला घातल्या, टाकीला घातल्या, सीटखाली चारचार वेढे दिले. गाडी दिसेनाशी झाली. पांढऱ्या ढिगावर शूई बसलेला, डोक्याला तुळशीची काडी खोवलेली, कमरेला खंजीर, आणि चेहऱ्यावर असं हसू, की कान आड आले नसते तर ते मागं जाऊन भेटलं असतं.

निघालो. अहाहा, काय निघालो! मी पुढं, नाचणारे माझ्यापुढं, दोन पावलं पुढं, एक मागं. शूई पाठीमागं, दोन्ही पाय वर, क्लच दोन बोटांवर, मागचा ब्रेक जेमतेम चाटवलेला. गाडी तरंगत होती. बायका छपरांवरून जिभा हलवून किलकारत होत्या, धूप फिरत होता. आणि दैफुल्ला? तो शूईच्या शेजारून कमरेत वाकून चालत होता, नजर त्याच्या चपलांवर, जणू स्वतःचा दात हरवलाय आणि तो शोधतोय. लोक ओरडत होते, "दैफुल्ला, मिळाला का रे?" मीही ठेका जरा आणखी संथ केला. का नाही करायचा? एवढी सुंदर गाडी कुणी बघितली होती!

मिठाच्या वखारीपाशी वळलो आणि मला मागून खोकला ऐकू आला.

माणसाचा नव्हे, गाडीचा. मी मान वळवली तर नळीतून काळा धूर. शूईचं हसू जाग्यावरच थिजलेलं. सीटखालची माळ हळूहळू आत चालली होती! झाकण काढलेल्या त्या भोकानं मोगरा ओढायला सुरुवात केली होती, एकेक कळी, एकेक कळी, आणि हवा बंद झाल्यावर गाडी नुसतं पेट्रोल पीत होती. शूईनं चालत्या गाडीवरून खाली वाकून हवेचा स्क्रू अंगठ्याच्या नखानं बाहेर फिरवला. गाडी सुधारली, थोडं अंतर गेली, पुन्हा खोकली. पुन्हा फिरवला. स्क्रू जवळजवळ सुटून हातात यायची वेळ आली.

"माळ काढ!" मी ओरडलो.

"माळेला हात लावला तरी मोडलं!" दैफुल्ला किंचाळला. ही अट कधी ठरली होती? नव्हतीच ठरली. पण रीत तर होतीच, आणि शूईनं हात मागं घेतला.

मी म्हटलं, ठेका वाढवतो, म्हणजे सगळे भरभर चालतील, गाडीला वेग मिळेल, हा पोचेल. वाढवला. आता तुम्हीच सांगा, आमच्या झरानीक टोळीच्या जवान पोरांपुढं जलद ढोल वाजवला की ती काय करतात? ती धावत येऊन उभ्या उंटाच्या वरून पलीकडं उडी मारतात. वाडवडिलांपासून तेच करतात. इथं उंट नव्हता. पोरांनी लुंग्या खोचल्या, मागं पळत गेली, आणि धावत येऊन एकेक जण शूईच्या गाडीच्या मागच्या चाकावरून उडी मारायला लागला! लोक थांबून टाळ्या पिटायला लागले. गल्ली गच्च. शूई खोकणाऱ्या गाडीवर हेलकावे खातोय, डोक्याजवळून पोरं उडतायत, दैफुल्ला आता चक्क जमिनीवर पालथा पडून त्याच्या चपलेखाली बघतोय. मला रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. वाजवणं थांबवावं हेसुद्धा सुचेना.

गाडी उजवीकडं कलली. शूईचा पाय पेडलवरून सुटला, हवेत लोंबला. वीतभर राहिलं. त्यानं डोळे मिटून घेतले.

आणि गर्दी फाटली. गल्लीच्या टोकाच्या दारातून, हो, दारातून, जिथं नवरी पडद्यामागं बसून वाट बघते, तिथून बद्रिया पळत आली. मेंदीचे हात, जरीचा झगा दोन्ही हातांनी वर धरलेला, चपला कुठं पडल्या कुणास ठाऊक. ती सरळ गाडीच्या उजव्या अंगाला येऊन घुसली.

"हात ठेव!" ती ओरडली. "माझ्या खांद्यावर!"

शूईनं क्लच दाबून धरला आणि उजवा हात तिच्या खांद्यावर टाकला. गाडी सावरली. पाय वरच.

दैफुल्ला धुळीतून उठला. "हे चालणार नाही! असं ठरलं नव्हतं!"

"काय ठरलं होतं?" बद्रिया म्हणाली. "पाय ना? हा हात आहे. तुला हात आणि पाय ओळखता येत नाहीत का रे? इतकी वर्षं फुकट जेवू घातलं तुला!"

छपरावरच्या बायका एवढ्या किलकारल्या, की माझा ढोल मलाच ऐकू येईना. बद्रियानं सीटखाली हात घातला आणि माळा ओढून काढल्या. नवरीचाच हात, कोण काय बोलणार? कुस्करलेल्या, काळ्या पडलेल्या, पेट्रोलचा वास मारणाऱ्या. तिनं त्या बघितल्या आणि भडकली. "अर्धी माळ गिळली तुझ्या गाडीनं!"

"तू कशाला एवढी मोठी केलीस?"

"तू कशाला तिचं तोंड उघडं ठेवलंस?"

भर वरातीत, त्याचा हात तिच्या खांद्यावर, आणि भांडण चालू! तेवढ्यात गाडीला एकदम भरपूर हवा मिळाली. स्क्रू तर पार बाहेर. इंजिन भणभणायला लागलं, फटफट फटाके वाजवायला लागलं, आता बंद पडणार हे मलाही कळलं. आणि बंद पडलं तर तापलेली ती म्हातारी पाय वर ठेवून कोण किक मारून चालू करणार?

"हवेचा स्क्रू," शूई घाबरून म्हणाला, "तो बाजूचा... आत फिरव, हळू, आधी एक फेरा, मग..."

"गप्प बस," बद्रिया म्हणाली. "मला ऐकू दे."

ती खाली वाकली. तापलेल्या इंजिनाशेजारी मेंदीची बोटं घातली. मग मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी कुणासाठी ढोल थांबवत नाही. गव्हर्नर आले तेव्हा थांबवला नव्हता. पण त्या बाईनं बघितलं आणि माझे हात आपोआप खाली आले. नाचणारे थांबले. छपरं गप्प झाली. बैत अल फकीहमधली आख्खी गल्ली श्वास रोखून एका कार्बोरेटरकडं बघत होती.

तिनं स्क्रू फिरवला, थांबली, कान दिला. पाव फेरा आत. पुन्हा कान. किंचित बाहेर. शूई तिच्या बोटांकडं बघत राहिला. इतकी वर्षं ती शेजारी बसून फुलं ओवत होती आणि त्याची प्रत्येक गाडी ऐकत होती, हे त्याला तेव्हा कुठं कळलं असावं. फटाके थांबले. भणभण थांबली. इंजिन खाली आलं, आणखी खाली आलं, आणि एका लयीत टुकटुक करायला लागलं.

"हाच," ती म्हणाली. "हाच ना?"

"हाच," शूई म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराचं असेल म्हणा हवं तर; मी तसं म्हणणार नाही.

त्यानं क्लच हळूच सोडला. गाडी स्लोवर आपली आपण निघाली. त्याचा हात तिच्या खांद्यावर, ती अनवाणी शेजारून चालतेय, आणि पुढं आम्ही सगळे, ढोल खांद्याला अडकवून, न वाजवता, न नाचता, उलटे चालत, त्या दोघांकडं बघत. दैफुल्लासुद्धा चालत होता. नजर पायावरच, पण आता उगाच.

दार आलं. गाडी पुढचं चाक आत घेऊन, मागचं उंबऱ्याला लावून उभी राहिली, टुकटुक, टुकटुक. शूईनं क्लच दाबून धरलेला, दोन्ही पाय वर, आणि तो उतरेचना. लोक वाट बघतायत, बायका धूप घेऊन दारात उभ्या.

"उतर की," बद्रिया म्हणाली.

"क्लच सोडला की बंद पडेल," शूई म्हणाला. "एवढी छान लागलीय."

"पडू दे," ती म्हणाली. "आता कुठं जायचंय तुला?"

शूईनं तिच्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. बोटं सुटली. गाडीनं एक आचका दिला आणि गप्प झाली. त्यानं पाय खाली टेकवला, उंबऱ्याच्या आत, आणि मी ढोलावर अशी थाप मारली की कातडंच फाटलं.